माझ्याच घरचं नाव राह्यलं

पोरगं एका हाकेत वळत नसंल, तर त्याच्या मायबापाले झापाचं काम माझं. मी गयाबाई, तेलंगणातल्या बेल्याजवळच्या आमच्या गावची आशा कार्यकर्ती. सरकारी कागद तेलुगूत येते, मी तो घरोघरी मराठीत सांगते. माझं तोंड फटकळ हाय, हे सारं गाव जाणते.

पंढरीच्या पोराचा कान वाहे, अन् हा बाबा त्यात गोडंतेल कोमट करून टाके. भर पारावर म्या त्याले धरलं. "काऊन रे, कान हाय का दिवा हाय तो? तेल टाकून राह्यला!" लोक हासले, पण पंढरी पोराले घेऊन कान तपासाच्या सरकारी शिबिराले गेला. पोराचा कान बरा झाला. तवापासून लोक म्हणत, गयाबाईच्या नजरेतून काई सुटत नाई.

सुटलं नव्हतंच. म्याच सोडलं.

माझी नात प्रगती तवा तीन वर्षाची होती. गोरीगोमटी, हसरी, पण तोंडातून एक शब्द नाई. माझी सून चंदा मले एकदा चुलीजवळ हळूच म्हणे, "आत्याबाई, हिले ऐकू येत नाई वाटते. कुकरची शिट्टी झाली तरी दचकत नाई."

"चूप बैस," म्या म्हटलं. "तुह्या सासऱ्याले चार वर्षापरेंत बोलता येत नव्हतं. आमच्या घरचे उशिराच बोलतात." मारोतीराव, माहे मालक, खाटेवर बसून मान हालवत होते. मंग मी खालच्या आळीतून पोपटानं टोचलेला पेरू मागून आणला अन् पोरीले चारला. पोपटाचं उष्टं खाल्लं का वाचा फुटते म्हणतात. दुसऱ्याच्या घरी हे दिसलं असतं तर म्या त्या बाईची खरडपट्टी काढली असती.

चंदा काई ऐकंना. शेवटी म्या शेजारच्या दोन बाया बोलावल्या अन् अंगणात पोरीच्या मागं उभी राहून थाळी वाजवली. पोर गर्रकन वळली. "पाह्यलं? आता बोल!" म्या चंदाले म्हटलं. बाया पोरीचा गाल धरून गेल्या, चंदा खाली मान घालून घरात गेली.

आता खरं सांगते. सकाळचं ऊन माह्या पाठीवर होतं. थाळी उचलली तशी माह्या हाताची सावली पोरीच्या पुढं पडली, अन् ती सावली पाहून वळली. मले ते त्याच घडीले समजलं होतं. थाळी हातात धरून मी उभी राह्यली, अन् हासली.

काऊन केलं असं? आशाच्याच घरी मुकी पोर, असं लोक म्हणतीन, हे मले खपलं नसतं. अन् एकदा का गावानं 'मुकी' नाव ठेवलं, तर पोरीले जल्मभर तेच नाव चिकटते, म्हणून भेव. पण आधीचं कारण मोठं होतं, लपवून काय फायदा! त्या महिन्यात शिबिराची यादी म्या माह्या हातानं केली. अकरा नावं लिहिली. प्रगतीचं नाई लिहिलं. पुढच्या वर्षीबी नाई.

पोर पाच वर्षाची झाली. एक दिवस चंदानं मले न विचारता पोरीले काखेत घेतलं, बसमधी बसली अन् आदिलाबादले गेली. माहा पोरगा अमर तिच्यासंगं होता. त्याले सांगतलं होतं, मले नाई.

तिथल्या डॉक्टरीणबाईनं दोन्ही कानाले मशीन लिहून देल्ली. म्हणे, ऐकू येईन. पण बोलणं शिकाचे पहिले वर्ष हातचे गेले, आता लय मेहनत लागंन. "इतके दिवस कुठं होते?" असं तिनं विचारलं. चंदानं काय उत्तर देल्लं, हे म्या अजून तिले विचारलं नाई. हिंमतच होत नाई.

मशीन लावून पोर घरी आली तवा मी दारातच होती. म्या हाक मारली, "प्रगती!" ती दचकली. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, छपराकडं पाह्यलं. आवाज आला हे तिले समजलं. ते तिचं नाव हाय, हे तिले माईत नव्हतं. पाच वर्ष आमी तिले त्या नावानं बोलावून राह्यलो होतो!

मी उंबऱ्यावर बसून रडली.

आता घरोघरी जाते तवा आधी थाळीची गोष्ट सांगते. सावलीसगट सांगते. बाया तोंडाले पदर लावतात. लावू द्या. मागच्या फेरीत एक माय आपल्या नातवाले घेऊन यादीत नाव लिहाले स्वताहून आली.

चंदा रोज संध्याकाळी पोरीले पुढ्यात बसवून शब्द शिकवते. परवा मी जवळ जाऊन बसली अन् म्हटलं, "माय, 'आजी' शिकवलं का वं हिले?"

"नाई आत्याबाई," ती म्हणे. "डॉक्टरीणबाईनं सांगतलं, आधी गरजेचे शब्द घ्या. पाणी, भाकर, आई, दुखते. 'आजी' मंग घेऊ."

तिनं टोमणा नव्हता मारला, साधंच सांगतलं होतं. मारला असता तर मले बरं वाटलं असतं.