खुशाल धुवा

नर्सबाईंनी फोन काउंटरवर पालथा ठेवला आणि कॅमेऱ्याच्या काचेवर बोट टेकवलं. काचेच्या आत वाफ साचली होती.

“बघा ना दादा, चालूच होत नाहीये. तीनच महिने झाले घेऊन.”

पाणबुड्याने फोन हातात घेतला आणि उगाच बटण दाबून पाहिलं. पाणबुड्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दुकानात शिरताच समोर पाण्याने भरलेली काचेची मोठी बरणी होती. तिच्यात चालू फोन सोडायचा आणि गिऱ्हाइकाचे डोळे विस्फारले की हळूच बिलाचं पुस्तक पुढे सरकवायचं, हे काम त्याच्याइतकं झकास कुणालाच जमत नसे. म्हणून दुकानभर तो पाणबुड्या. त्याच बरणीत मान टाकलेले तीन फोन मागच्या खणात पडले होते, ते मात्र कुणी गिऱ्हाइकाला दाखवत नसे.

बाई त्याला चांगल्या आठवत होत्या. घेताना त्यांनी दोनदा विचारलं होतं, “वॉर्डातून बाहेर पडताना मी साबणाने हात धुते. त्याबरोबर हाही धुतला तर चालेल?” आणि याने बरणीतला फोन काढून झटकत म्हटलं होतं, “खुशाल धुवा ताई! अहो, रोज अंघोळ घाला!” तेव्हा दोघंही हसले होते.

मॅनेजर आला. त्याने सिमचा कप्पा ओढून काढला आणि आत टॉर्च मारला.

“आतली पट्टी लाल झालीय, म्हणजे पाणी शिरलंय. पाण्याने बिघडला तर वॉरंटी नाही. कार्डावर छापलंय तसं.”

“छापलं असेल हो. पण यांनी मला धुवा म्हणून सांगितलं. पाण्यात बुडवूनसुद्धा दाखवला.” बाईंचा आवाज चढला नव्हता. “माझ्या लेकीला नववा महिना लागलाय. ती लांब असते आणि मला सुट्टी मिळत नाही. रोज तिचा चेहरा यातच बघते मी.”

मॅनेजर पाणबुड्याकडे वळला.

“काय रे, साबणाने धुवा म्हणालास? तसं असेल तर लिहून दे. मी कंपनीकडे पाठवतो, बदलून देतील.”

एका सहीचा तर प्रश्न होता. पण गेल्याच महिन्यात असंच काहीतरी कबूल करून बसलेल्या सहकाऱ्याला याच मॅनेजरने दुसऱ्या दिवशी घरी बसवलं होतं. पाणबुड्याने फडकं उचललं आणि आधीच लख्ख असलेली काच पुसायला घेतली.

“नाही साहेब. चार शिंतोडे उडाले तर चालतील, एवढंच म्हटलं मी. धुवा कशाला म्हणेन?”

बाईंनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्याला मान वर करवेना. आपल्याइतका हलकट माणूस अख्ख्या बाजारात शोधून सापडायचा नाही, असं त्याला वाटलं. तरी हातातलं फडकं गोल गोल फिरतच राहिलं.

“बरं,” बाई म्हणाल्या आणि फोन रुमालात गुंडाळू लागल्या.

तेवढ्यात त्याच्या शर्टाच्या खिशात फोन वाजला. सवयीने त्याने तो बाहेर काढला. बायकोचा कॉल होता. दिवसभर बरणीत हात, म्हणून त्याने आपला फोन प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून वरून दोन रबरबँड लावले होते. पिशवीतून दिसत होता तो बाईंच्यासारखाच फोन, अगदी तोच निळा रंग. त्याने तो पटकन खिशात कोंबायला घेतला, पण उशीर झाला होता.

बाईंनी पिशवी पाहिली. मग बरणीकडे पाहिलं.

“तुमचाही हाच का?”

“हो, ताई.”

“पिशवी चांगली आहे.” त्यांनी पर्सची चेन ओढली. “एवढंच सांगायचं होतंत मला तेव्हा.”

त्या दुकानाच्या पायऱ्या उतरून गेल्या.

“अरे, उचल की फोन,” मॅनेजर म्हणाला.

पाणबुड्याने रबरबँडाला बोट लावलं, पण ते काढायला हात धजेना. पिशवीतला फोन वाजून वाजून थांबला.