पेटीतली एकुलती नोंद

माझी थोरली बहीण कागदावर काम करायची आणि मी डोंगराखाली. विषय दोघींचा एकच, अणूचा गाभा. आई मात्र आमची ओळख करून देताना सांगायची, "ही म्हणते, आहे. ती म्हणते, दिसत नाही. पगार दोघींना मिळतो."

पाहुणे हसायचे. ताई कपाळाला हात लावून म्हणायची, "आयुष्यभर मी लेखांतून जे भांडले, ते आईने चहाचा कप पुढे करता करता उरकलं."

आता त्या दोघीही नाहीत, पण आमचं ते तिघींचं घर मला खोलीखोलीने आठवतं. ताईने लग्न केलं नव्हतं, माझं टिकलं नव्हतं, आणि दोन शहाण्यांना एकत्र नांदवायला एक अडाणी लागतेच, असं आईचं म्हणणं होतं. जेवणाच्या टेबलावर एका टोकाला ताईचे कागद, दुसऱ्या टोकाला माझे आलेख, आणि मधल्या वीतभर जागेत आमटीचं भांडं. आमटी सांडली तर ती कुणाच्या बाजूने सांडली यावर वाद व्हायचा.

ताईचा सिद्धान्त मला सोपा करून सांगता येतो, कारण आईला तो मीच सांगितला होता. काही जातींचे अणू फार म्हणजे फारच सावकाश मोडतात. मोडताना त्यांच्या गाभ्यातून दोन इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, आणि त्यांच्याबरोबर न्यूट्रिनो नावाचे दोन कण थोडी ऊर्जा उचलून पसार होतात. हे कण कुणाच्याच हाती लागत नाहीत. ताईचं म्हणणं असं, की क्वचित कधीतरी हे दोघे बाहेर पडतच नाहीत, आतल्या आत एकमेकांना मिटवून टाकतात. मग सगळी ऊर्जा इलेक्ट्रॉनांच्याच वाट्याला येते.

"म्हणजे दोन चोर उंबऱ्यातच एकमेकांशी भांडून संपले आणि ऐवज घरातच राहिला," आई म्हणाली. ताईला हे इतकं आवडलं की तिने ते वर्गातही सांगितलं.

असं होत असावं, असं म्हणणारे पुष्कळ होते. ताईने ते किती वेळा होईल तेही सांगितलं होतं. यातच तिचं धाडस होतं. तिच्या गणिताप्रमाणे आमच्या यंत्रात, आम्ही ठरवलेल्या मुदतीत, अशा चारेक नोंदी यायला हव्या होत्या. चाराऐवजी एक आली असती तर नशीब खोटं म्हणून पुढे जाता आलं असतं. एकही आली नाही तर तिचं सगळं काम मोडीत निघणार होतं. पंचवीस-तीस वर्षांचं काम, आणि तिची निवृत्ती तोंडावर आलेली.

ते यंत्र म्हणजे त्याच सावकाश मोडणाऱ्या अणूंचे मुठीएवढे स्फटिक. अतिशय थंड ठेवलेले, तांब्याच्या डब्यात, डब्याभोवती शिशाच्या विटा, आणि वर सगळा डोंगर. आकाशातून सतत पडणारा कणांचा मारा डोंगराने अडवावा म्हणून हा खटाटोप. बोगद्याच्या तोंडाशी आम्ही चपला बदलायचो, हात धुवायचो, टोप्या घालायचो. माणसाच्या बोटाचा ठसाही त्या स्फटिकांना गोंगाट वाटतो. आमचे गटप्रमुख, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, ते जेवणाच्या डब्यात केळं आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवायचे. केळ्यातलं पोटॅशियम किरण सोडतं हे खरं, पण एवढ्या जाड शिशापलीकडून ते काय त्रास देणार? मामांना केळ्याचा वास सहन होत नसे, एवढंच.

आमच्या कामातली सगळ्यात विचित्र रीत होती बंद पेटीची. पेटी म्हणजे खरी पेटी नव्हे. ताईचे इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेला दिसायला हवेत, नेमक्या त्या ऊर्जेच्या नोंदी संगणक झाकून ठेवायचा. बाकी सगळं आम्ही पाहायचो, त्यावरून खऱ्याखोट्याचे नियम ठरवायचो, आणि नियम पक्के झाल्यावरच झाकलेलं उघडायचं. उघडल्यावर नियमाला हात लावायचा नाही. आमच्या क्षेत्राचं तोंड दुधाने पोळलेलं होतं. माणसाला जे हवं असतं तेच त्याला दिसतं आणि जे नको ते गाळायला कारण सापडतं, हे पुष्कळदा घडून गेलं होतं.

ताईला ही रीत पटायची, पण सोसायची नाही.

"खरंच तुला माहीत नाही?" ती विचारायची.

"खरंच नाही."

"कपाट तुझं, आणि आत काय आहे ते तुलाच ठाऊक नाही?"

"ताई, मुद्दामच नाही ना."

"आई, ही खोटं बोलते आहे का गं? तू तिला लहानपणापासून ओळखतेस."

आई माझा चेहरा निरखून बघायची. "नाही, खरंच काही ठाऊक नाही हिला. शाळेत असतानाही अशीच दिसायची."

पेटी उघडायच्या दिवशी आम्ही बोगद्याबाहेरच्या लांबट खोलीत जमलो. खुर्च्या कमी पडल्या म्हणून काहीजण खिडकीत बसले होते. ताईला मामांनी आग्रहाने बोलावलं होतं, पण ती आली नाही. "लग्नात मुलीच्या आईने लाडू वळत बसू नये तसं सिद्धान्तवालीने तिथे बसू नये," असं काहीतरी अगम्य कारण तिने दिलं. पडद्यावरची करडी पट्टी सरकली, आणि तिच्याखाली एकच उभी रेघ दिसली.

एक.

खोलीत टाळ्या वाजल्या. एका नोंदीवरून शोध लागत नाही, हे सगळ्यांना कळत होतं. पण शून्यही नव्हतं. मी बाहेर जाऊन ताईला फोन लावला.

"एक," मी म्हटलं.

ती म्हणाली, "आईला मी सांगते. तू गाडी सावकाश चालव."

त्या संध्याकाळी ताई स्वयंपाकघरात गाणं गुणगुणत होती. तिचा गळा चांगला नव्हता, आणि आईने पहिल्यांदाच त्याबद्दल काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या नोंदीचा मूळ ठोका काढून पाहिला. स्फटिकात काही घडलं की विजेचा एक छोटा ठोका उमटतो. शांत सरळ रेघ, मग एकदम चढण, मग उतार. चढणीच्या उंचीवरून ऊर्जा कळते. या ठोक्याच्या आधीची रेघ सरळ नव्हती. ती बारीक हिंदकळत होती, परातीतल्या पाण्यासारखी. हिंदकळणाऱ्या रेघेवर बसलेल्या ठोक्याची उंची मोजणं म्हणजे झोपाळ्यावर उभ्या राहिलेल्या पोराची उंची मोजण्यासारखं आहे. रेघ सरळ धरून पाहिली तर तो खडकातून येणारा एक नेहमीचाच, ओळखीचा किरण निघत होता.

कारणही सापडलं. स्फटिक थंड ठेवायला आम्ही टाकीत द्रव नायट्रोजन भरायचो. भरताना तो उकळतो आणि सगळा सांगाडा थरथरतो, म्हणून भरल्यानंतरच्या एका तासातल्या नोंदी गाळायच्या असा आमचा नियम होता. ही नोंद आली त्या दिवशी नायट्रोजनची गाडी रस्ता बंद असल्याने उशिरा आली होती. टाकी जवळजवळ कोरडी पडलेली, त्यामुळे भरल्यावर थरथर तासाच्याही पुढे चालली. आमची एकुलती नोंद तास उलटल्यावर लगेच आलेली होती.

मी मामांकडे गेले. त्यांनी कागद दूर धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला.

"तू म्हणतेस ते खरं आहे," ते म्हणाले. "पण काढता येणार नाही."

"मामा, ही थरथर आहे."

"आहे ना. पण पेटी उघडल्यावर कळली. आज ही काढली तर उद्या कुणीही उठून नको ते काढेल. नियमात बसली, म्हणजे मोजायची. ठोक्याचं चित्र छापू, खाली लिहू. मोजणी मात्र एकच."

"वाचणारे एक वाचतील. चित्र कुणी बघणार नाही."

"ते वाचणाऱ्यांचं पाप." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि तुझ्या बहिणीसाठी तर बरंच आहे की हे."

मला रागही आला नाही, कारण ते मनापासून बोलले होते. बोगद्यापासून घरापर्यंत मी स्वतःशी वाद घालत गेले. मामांचा नियम बरोबर होता. मी गप्प बसले असते तरी मी कुठलाही नियम मोडला नसता. ताई निवृत्त झाली असती, तिचा सिद्धान्त धुगधुगी धरून राहिला असता, आणि पुढे एखाद्या मोठ्या यंत्राने जे सांगायचं ते तिच्या माघारी सांगितलं असतं.

घरी ताई टेबलाशी बसली होती. मी पर्स खाली ठेवायच्या आधीच तिने विचारलं, "काय झालं?"

मी चित्र तिच्यापुढे ठेवलं. ताईने जन्मात कधी मूळ ठोका पाहिला नव्हता. तिच्यापर्यंत आकडे यायचे, धुऊन पुसून.

"हे असंच दिसतं?"

"चांगला असला की आधीची रेघ सरळ असते."

"एखादा चांगला दाखव."

मी दाखवला. तिने दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. आई भाजी निवडता निवडता मान वर करून म्हणाली, "हा डावीकडचा कापतोय की गं थंडीने."

ताई हसली. अगदी खरं हसली. मग तिने तो कागद माझ्याकडे सरकवला.

"हा माझा नाही," ती म्हणाली.

"मामा काढणार नाहीत. नियम आहे."

"मामांचं बरोबर आहे. त्यांनी काढू नये."

"मग?"

"मग काय? मोजणी त्यांची. मी कशावर उभं राहायचं ते मी ठरवेन."

निकाल सांगायच्या सभेला सभागृह भरलेलं होतं. मामांनी नियमाप्रमाणे एक नोंद सांगितली आणि ठोक्याचं चित्रही दाखवलं, पण ते पटकन पुढे सरकलं. नंतर ताईचं नाव पुकारलं. सगळे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. तिने तेच चित्र पुन्हा पडद्यावर लावायला सांगितलं आणि लोकांना पुरेसा वेळ बघू दिलं.

"या गटाने ही नोंद मोजली आहे आणि ती मोजणं योग्य आहे," ती म्हणाली. "नियम आधी केलेला आहे. पण माझ्यावर असा नियम नाही. ही थरथर आहे असं मला वाटतं, त्यामुळे मी ती माझ्या बाजूने धरणार नाही. माझ्यापुरती पेटी रिकामी आहे. चार यायला हव्या होत्या, एकही आली नाही. माझं उत्तर निसर्गाने मान्य केलं नाही."

मागून एका तरुण मुलीने विचारलं, "म्हणजे गणितात चूक होती?"

"गणितात चूक असती तर बरं झालं असतं," ताई म्हणाली. "ती दुरुस्त करता आली असती. मी ते फार वेळा तपासलंय."

कुणीतरी हसलं, मग बरेचजण. मामा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. सभा संपल्यावर ते ताईजवळ आले आणि तिची पिशवी उचलून गाडीपर्यंत घेऊन आले. पिशवीत जडसं काही नव्हतं.

परतीच्या रस्त्यावर ताई डोळे मिटून बसली होती. मला वाटलं झोपली. मी रेडिओ बंद केला. शहर दिसायला लागलं तशी ती डोळे न उघडताच बोलली.

"छोटे, पुढच्या खेपेला तो नियम एका तासाचा ठेवू नका. दोन तासांचा ठेवा. टाकी कोरडी पडू शकते हे आता कळलंय ना तुम्हाला."

"पुढच्या खेपेला आम्ही कुणाचं गणित तपासायचं?"

"ते करेल कुणीतरी. आज ती मुलगी मागे बसली होती ना, ती करेल. किंवा दुसरं कुणी." तिने डोळे उघडले आणि सीट मागे सरकवली. "पण नियम पेटी बंद करायच्या आधी बदला बरं का. नंतर बदललात तर मी मामांच्या बाजूने उभी राहीन."