आतला खिसा

मी शिंपी. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि तेव्हापासून माझ्या प्रत्येक शर्टाला आतून एक जादा खिसा असतो. बायकोला लहानपणापासून मधुमेह. साखर कधी घसरेल याचा नेम नाही, आणि ही बाई जाईल तिथे पर्स विसरणारी. म्हणून ग्लुकोजच्या दोन पुड्या कायम माझ्या खिशात. माप घेताघेता ही गोष्ट मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवतो.

मधुमेही मुलांच्या इन्सुलिनसाठी निधी जमवायला सायकलफेरी ठरली, तेव्हा पहिलं नाव माझं. साठ किलोमीटर. शेवटच्या पाच किलोमीटरसाठी बायको आपली सायकल घेऊन पुलावर मला येऊन मिळणार होती.

चढावर माझा दम संपला. आमच्या शेजारचा ढेरपोट्या इस्त्रीवाला शीळ घालत पुढे निघून गेला, ते फार झोंबलं. मी एक पुडी फोडून तोंडात टाकली. एक आहे ना अजून, म्हटलं. दुसरी पुलाच्या जरा अलीकडे संपवली, बायकोसमोर ताजातवाना दिसावं म्हणून.

पूल ओलांडून थोडं पुढे गेलो आणि तिचं हँडल डगमगायला लागलं. ती उतरली, रस्त्याकडेच्या कठड्याला टेकली. घामाने निथळत होती.

"अहो, पुडी द्या."

खिसा रिकामा आहे हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी चाचपत राहिलो. आतला, बाहेरचा, पँटचा. वाटेत पडल्या वाटतं, असंही म्हणालो. मागून आलेल्या एका बाईंनी आपल्याजवळची रसाची बाटली तिच्या तोंडाला लावली. बऱ्याच वेळाने तिचे हात थरथरायचे थांबले. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"मिशी पुसा," ती हळूच म्हणाली. "पांढरं लागलंय."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

सर्वांत जास्त निधी जमवला म्हणून स्टेजवर पदक मलाच मिळालं. निवेदकाने आतल्या खिशाची गोष्ट रंगवून सांगितली. फॉर्मवर मीच ती लिहिली होती. टाळ्या पडल्या. तिनेही वाजवल्या. मी मान खाली घालून उभा होतो, आणि लोकांना तो विनय वाटला.

दुसऱ्या दिवशी ती आपले चार ड्रेस घेऊन दुकानात आली. रागावलेली नव्हती, तेच मला सोसवेना. यांना आतून खिसे लावून द्या, म्हणाली. केवढे, असं मी विचारलं.

"माप तुम्हाला पाठ आहे," ती म्हणाली.

मी सुईत दोरा ओवायला घेतला. तो काही केल्या ओवला जाईना.