गच्चीवरचा हवालदार

सासूबाईंची पिशवी दाराशी येऊन बसली, तसा मेकॅनिक हातातलं काम टाकून धावला. मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. पण त्याचं यंत्रपुराण शेवटपर्यंत ऐकून घेणारं माणूस जगात एकच होतं, ते म्हणजे सासूबाई. ऐकताना त्यांचे डोळे मिटलेले असायचे, हा भाग वेगळा. बायको तर पहिल्याच स्क्रूपाशी "अहो, मुद्द्याचं बोला" म्हणून त्याला गप्प करायची.

सासूबाई निघाल्या होत्या गुलाबापायी. स्वतःच्या घरून आणून त्यांनी गच्चीतल्या कुंडीत रोप लावलं होतं. त्याला कळी धरायची आणि फुलायच्या आत गडप व्हायची. त्यांचा संशय समोरच्या मास्तरीणबाईंवर होता.

"आता ही एकच कळी उरलीय," त्यांनी बजावलं. "ही गेली की मी चालले धाकटीकडे. पिशवी भरून ठेवलीय."

"कोणाची छाती होते तेच बघतो!" असं म्हणून मेकॅनिक कळीच्या राखणीसाठी यंत्र बनवायला लागला. मोडक्या पंख्याची मान, खेळण्यातल्या गाडीची चाकं, जुन्या मोबाइलचा कॅमेरा आणि नाकाच्या जागी पाण्याची पिचकारी. डोक्यावर कुकरचं झाकण. ते कशाला, असं बायकोने विचारलं.

"रुबाब नको का हवालदाराला?"

हवालदाराचा कायदा सोपा होता. घरचा चेहरा दिसला तर गप्प बसायचं, परका दिसला की मान वळवायची, पाठलाग करायचा आणि पिचकारी मारायची. त्यासाठी मेकॅनिकने बायकोचा चेहरा समोरून, डावीकडून, उजवीकडून टिपला. सासूबाईंचाही टिपला, चष्मा लावून आणि काढून. मग सगळे चेहरे यंत्रात भरले आणि दोघींना गच्चीत उभं करून त्याने बटण दाबलं. हवालदाराने दोघींकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सासूबाई खूश झाल्या.

"आता समजा, चोर आला," मेकॅनिकला चेव चढला. हवालदाराकडे पाठ करून तो कुंडीपाशी गेला. "तो असा येणार. इकडेतिकडे बघणार. आई, आता गंमत कळण्यासाठी आधी मोटरचं तत्त्व समजून घ्या..."

मोटरचं तत्त्व सांगता सांगता त्याचा हात आपल्या कामाला लागला. सुटणारी वस्तू हाताला लागली की ती सोडवायची आणि हरवू नये म्हणून खिशात टाकायची, ही त्याची दुकानातली जुनी खोड. हाताने कळी पिळली, सोडवली, खिशात टाकली. डोक्याला पत्ताच नाही.

तो वळला. हवालदाराने मान वर केली आणि पिचकारी सणसणीत नाकावर बसली.

"अरे, मी मालक आहे!"

पण मालकाचा चेहरा यंत्रात होताच कुठे? कॅमेरा धरणारा तोच होता. मालक टाकीमागे पळाला, हवालदार टाकीमागे गेला. मालक वाळत घातलेल्या चादरीत शिरला, हवालदाराने चादर भिजवली. शेवटी बायकोने हसत हसत वायर उपटली आणि स्क्रू गंजू नयेत म्हणून त्याचा ओला खिसा रिकामा केला. दोन स्क्रू, एक वायसर, एक स्प्रिंग, तीन वाळक्या कळ्या आणि एक ताजी.

मेकॅनिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं," सासूबाई म्हणाल्या आणि खाली गेल्या. तो ओल्या चपलांनी त्यांच्यामागे धावला. त्या दाराशी बसून पिशवी उघडत होत्या. पिशवीतून सुई-दोरा निघाला.

"जावईबापू, सदरा काढा. खिसेच शिवून टाकते. आणि ते मोटरचं अर्धं राहिलंय, ते सांगा."

त्याने सदरा दिला. मग दुसरा आणला, तिसरा आणला, लग्नातला कोटही आणला. सासूबाई कधी डोळे मिटून ऐकत होत्या, कधी उघडून टाके घालत होत्या. सगळे कपडे संपले, तेव्हा तो बनियन घेऊन उभा राहिला.

"जावईबापू, याला खिसा कुठंय?"

"नाहीये," तो खाली बघत म्हणाला. "आधी लावा, मग शिवा. सावकाश होऊ द्या."