तिवड्याजवळचा बैल

जगाचं एक वर्ष चालवायला बंगळूरच्या गणकयंत्राला चाळीस दिवस लागत होते. गीताला मिळाले होते तीस.

सगळ्या पृथ्वीचा वारा, ऊन, पाऊस गणितात बसवून ते यंत्रात फिरवायचं, हे तिचं काम. तीस दिवसांत डिसेंबर उगवला नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार आणि गीता पुन्हा पर्जन्याच्या वह्या उतरवायच्या टेबलावर. सहा वर्षं ती तिथंच होती. साहेबांनी हे तिला चहा पाजून सांगितलं.

मार्च एकोणनव्वद. यंत्र हाती यायला आठवडा होता, म्हणून ती कागदांचा भारा घेऊन भालकीजवळच्या गावी आली. खळ्यात ज्वारीची मळणी चालली होती.

"काय वाचायलीस?" वडिलांनी, हरिबांनी, विचारलं.

"जग हाय, अप्पा."

"त्यात भालकी हाय का?"

"न्हाई. गणित ठिपक्या-ठिपक्यांवर चालतंय. एक ठिपका औरंगाबादेकडं पडतोय, पुढचा चांद्याच्या जंगलात. भालकी मधल्यामधी."

"म्हंजी बस थांबत न्हाई." हरिबांनी तिच्या हाती चाबूक दिला. "कागद पळून जात न्हाईत. पात हाण."

खळ्याच्या मधोमध रोवलेल्या खांबाला, तिवड्याला, एका दाव्यात पाच बैलांची पात ओळीनं जोडलेली; तिवड्यालगत सगळ्यांत म्हातारा बैल. कणसं परतत आई, राजूबाई, गुणगुणत होती:

*मधी उभा गं तिवडा, भवती फिरती बैल बाई*
*म्हातारा गं आत चाले, त्याला कुनाची घाई न्हाई*

दहा फेऱ्यांनी गीतानं विचारलं, "अप्पा, तिवड्यापाशी कणसं इतकी इरळ कामून?"

"तिथं जागा किती? बाहेरच्याइतकी टाकली तर म्हातारा अडखळतोय. अन् त्यो थांबला की समदी पातच थांबतीया."

गीता थांबली. पातही थांबली.

तिनं पृथ्वीवर आडवी वर्तुळं आखली होती, अन् पंगतीत वाढावं तसं प्रत्येकाला सारखं वाढलं होतं. विषुववृत्ताला बहात्तर ठिपके, ध्रुवाजवळच्या एवढ्याशा वर्तुळालाही बहात्तर. तिथं ठिपक्यांची दाटी. वाऱ्यानं एका पावलात ठिपका ओलांडायचा नाही, म्हणून पाऊल, म्हणजे गणित एका वेळी जेवढा काळ पुढं सरकतं तो, अगदी बारकं. आणि पाऊल साऱ्या जगाला एकच, म्हणून चाळीस दिवस.

"काय झालं?" राजूबाईनं विचारलं.

"कुणाला कमी वाढायचं ते कळलं."

"जेवायला कोण येतंय?"

संध्याकाळी रास मोजताना हरिबा पहिल्या मापाला 'लाभ' म्हणाले, मग दोन, तीन. एक म्हटलं तर रास खुंटते. गीतानं लहानपणापासून कधी एकपासून ज्वारी मोजली नव्हती.

बंगळुरात तिनं ध्रुवाकडचे ठिपके विरळ केले. पाऊल दुप्पट झालं, चाळीस दिवसांचे वीस झाले. दुरुस्तीत आठ दिवस गेले, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी सकाळी डिसेंबर छापून बाहेर आला.

साहेबांनी कागद उलगडले. ध्रुवाकडचा वारा तपासला, पाऊस तपासला. मग पहिल्या पानावर बोट ठेवलं. पुढच्या पानांवर दोन, तीन असे महिने होते. पहिल्यावर रोमन अक्षरांत 'लाभ'.

"ही चूक आहे?"

"नाही सर. आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"यानं वेळ जास्त लागतो?"

"नाही."

"मग राहू दे," ते म्हणाले. "दुसरं वर्ष उद्या लाव."