मोकळं आहे, या

गाडी विकत घेताना माणसाने एकदा तरी मागे वळून बघावं की नाही? याने नाही बघितलं. बघणार कसा, मान वळली तर ना! बावीस वर्षं टॅक्सी चालवून मानेचे मणके असे आखडले होते की मागून कोणी हाक मारली तर अख्खा माणूस वळायचा. जुनी गाडी भंगारात गेली आणि त्याने ही नवी घेतली. दिसायला झोकदार, पण मागची काच म्हणजे नुसती फट. त्यात मागच्या सीटच्या तीन उशा वर डोकं काढून बसलेल्या आणि दोन्ही बाजूंना जाडजूड खांब. आरशात मागच्या इमारतीचे वरचे मजले दिसायचे, रस्ता काही दिसायचा नाही. कॅमेरा मिळत होता, पण महागाच्या मॉडेलला.

"मी येते तुमच्याबरोबर," बायको म्हणाली. "स्टिअरिंग तुमचं, मान माझी."

सात वर्षं हेच चाललं होतं. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे काही ठरलेले पेशंट होते, त्यांना तो न्यायचा-आणायचा आणि ही पुढे त्याच्या शेजारी. गाडी मागे घ्यायची वेळ आली की तो विचारायचा, "मोकळं आहे?" ही वळून काचेतून बघायची, शंका आली तर उतरून मागे उभी राहायची आणि मग ओरडायची, "मोकळं आहे, या!" स्टँडवरचे ड्रायव्हर चिडवायचे, "काय वहिनी, बाकीचे आरसे कंपनीचे, हा एक घरचा!" ती वरवर रागवायची, पण मनातून खूश व्हायची. इतकी किंमत तिला जन्मात कोणी दिली नव्हती.

आणि दीड वर्षापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. नस सुकत चालली आहे, गेलेली नजर परत यायची नाही. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढलाय, दुसरं काही नाही."

आता या बाईला काय म्हणावं! सांगितलं असतं तर त्याने गाडी सोडली असती, मग खायचं काय? हे झालं चारचौघांत सांगण्याजोगं कारण. खरं कारण वेगळंच होतं. दुसऱ्या कोणाला तो शेजारी बसवेल, सकाळी निघून जाईल आणि आपण दोन खोल्यांत भिंती चाचपत बसून राहू, याचीच तिला भीती होती.

मग ती शिकली. गुडघे दुखतात म्हणून उतरणं बंद केलं. कानांनी काम भागवायला लागली. कोणत्या गल्लीत गाडी किती मागे घ्यायची, हे तर पाठच होतं. विचारलं की वळायची, काचेतल्या राखाडी धुराकडे तोंड करून थोडं हसायची आणि म्हणायची, "मोकळं आहे, या."

तोही अलीकडे फार जपून चालवायला लागला होता. शक्यतो गाडी मागे घ्यावीच लागू नये अशी लावायचा. एकदा विचारून भागायचं नाही, दोनदा विचारायचा, वर हॉर्न वाजवायचा. औषधाच्या बाटलीवरचं तिने न सांगताच वाचून दाखवायचा. "म्हातारे झालात तुम्ही," ती म्हणायची. तो पुढच्या बाटलीवरचं वाचायला घ्यायचा.

त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर शिवणकाम करणारी बाई होती. सगळे तिला शिवणताई म्हणत. सकाळी सातला तिचं पायाचं मशीन सुरू व्हायचं ते दुपारपर्यंत खडखडत राहायचं. त्या दिवशी मशीन बंद होतं, हे टॅक्सीवाल्याच्या बायकोच्या कानांना नंतर आठवलं. समोर कोणाचा तरी ट्रक उभा होता, म्हणून गाडी मागेच घ्यावी लागणार होती.

"मोकळं आहे?"

ती वळली, हसली. "मोकळं आहे, या."

"नक्की?"

"अहो, या म्हटलं ना!"

त्याने हॉर्न दिला. गाडी हातभर मागे गेली आणि कशावर तरी चढली. मग ती किंकाळी.

हॉस्पिटलच्या बाकावर पोलीस येऊन लिहून घेत होते. "बाई शेजारी होत्या ना? त्यांना नाही दिसलं?"

"तिला मी विचारलंच नाही," तो म्हणाला. "चूक माझी."

पोलीस गेल्यावर तिला राहवेना. "अहो, मला दिसत नाही. दीड वर्ष झालं."

"माहीत आहे मला," तो म्हणाला.

"माहीत होतं? मग विचारत कशाला होतात रोज?"

"नसतं विचारलं तर घरी बसली असतीस. रडत."

त्याला धरून बदडावं असं तिला वाटलं. आणि त्याच्या त्या न वळणाऱ्या मानेत तोंड खुपसून रडावं, असंही वाटलं. यातलं तिने काहीच केलं नाही. आतल्या खोलीत शिवणताईचा पाय कापत होते.

लायसन्स गेलं, गाडी पोलिसांनी नेली. महिन्याने शिवणताई घरी आली. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. मशीन आता वाजत नव्हतं. टॅक्सीवाल्याची बायको कठडा धरून, पायऱ्या मोजत खाली गेली. शिव्या ऐकायच्या तयारीनेच गेली होती. उलट शिव्या मिळाल्या असत्या तर तिला जरा बरं वाटलं असतं.

"या वहिनी," शिवणताई म्हणाली. "एवढंच विचारायचं होतं. दोरा आणून परत येत होते, हातातलं रीळ पडलं, गाडीच्या मागेच घरंगळत गेलं. मी तुम्हाला हात केला. तुम्ही वळून माझ्याकडे बघून हसलात. म्हटलं, वहिनींनी बघितलं, आता काय काळजी! हॉर्नसुद्धा ऐकला, पण म्हटलं, त्या ट्रकवाल्याला असेल. म्हणून तर वाकले मी. मग गाडी आली कशी?"

दाराची चौकट चाचपून तिने धरली. "ताई, मला दिसत नाही हो. आंधळी आहे मी."

"मग मला सांगायचं ना, वहिनी," शिवणताई म्हणाली. "मी झाले असते बाजूला."