चिपाडाचे पॅड

ऊस गाळला की जे उरतं ते चिपाड. कारखान्यात त्याचे डोंगर लागतात. गेली काही वर्षं मी त्या चिपाडापासून पाळीचे पॅड बनवते आहे. रक्त शोषणारे, अंगाला न काचणारे आणि मातीत पुरले की कुजून जाणारे. माझ्या पीएचडीचा विषयच तो आहे. सेमिनारमध्ये हे सांगितलं की लोक माना डोलावतात. इंजिनिअरिंग झालं, पर्यावरण झालं, आरोग्य झालं, एका दगडात तीन पक्षी. शेवटी 'हे ऊसतोड करणाऱ्या बायकांसाठी' असं म्हटलं की टाळ्या पडतात. स्वप्नाली स्वतः ऊसतोड कामगारांची मुलगी आहे, हे आमचे गाईड सोमेश्वर सर न चुकता जोडतात. मला त्याचा वैताग येतो, पण त्यावर टाळ्या जास्त पडतात म्हणून मी गप्प बसते.

पॅड तयार झाले तेव्हा ते बायकांनी वापरून बघायला हवे होते. ऊस तोडणाऱ्या, पाळी चालू असलेल्या तीस बायका. त्याशिवाय प्रबंध पुढे सरकणार नव्हता आणि फेलोशिप दिवाळीला संपणार होती. मी आष्टी तालुक्यात, आमच्या गावी, मायला फोन लावला.

"किती लागत्यात?" तिनं विचारलं.

"तीस. पण पाळी येणाऱ्याच पाहिजेत, बरं का."

पलीकडे ती कुणाकुणाची नावं पुटपुटत मोजत होती.

"देते की तीस," माय म्हणाली. "तुझं काम हाय म्हटल्यावर कोण न्हाई म्हणतंय?"

माझी माय नीलाबाई. तिची पिशवी काढलेली आहे. पिशवी म्हणजे गर्भाशय, आमच्याकडे तसंच म्हणतात. तेव्हा मी अंबाजोगाईला होस्टेलवर होते. पोटात दुखायचं म्हणून काढली, असं मला फोनवर सांगितलं गेलं, आणि माझी परीक्षा तोंडावर होती. पिशवीच नाही म्हणून अभ्यासात मी तिला धरलं नव्हतं. बाकीच्यांचं विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पाचवीपासून होस्टेलवर राहिलेल्या पोरीला स्वतःचं गाव सुट्टीपुरतं माहीत असतं.

जूनमध्ये आमच्या शेजारच्या रतनबाई मावशींच्या ओट्यावर सगळ्या जमल्या. मी एकेकीला विचारत गेले, पाळी नियमित येते का? "येती की! न यायला काय झालं?" असं एक म्हणाली आणि साऱ्या तोंडाला पदर लावून हसल्या. लाजतायत, असं मी समजले. वापरलेला पॅड टाकायचा नाही, मी दिलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवायचा, हे मी दोनदा समजावलं. मायनं तिसऱ्यांदा समजावलं.

निकाल इतके छान आले की काय सांगू. गळती नाही, खाज नाही, एकीची तक्रार नाही. "स्वप्नाली, इतका स्वच्छ डेटा मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही," सर म्हणाले. बायकांचं शरीर इतकं शिस्तीत वागत नाही, हे निदान मला तरी कळायला हवं होतं. पण आपल्याच चांगल्या निकालावर कोण शंका घेतं?

डबे मी अंबाजोगाईला आणले. माझी मैत्रीण वर्षाराणी तिथल्या मेडिकल कॉलेजात पॅथॉलॉजी शिकते. पॅडमुळे काही जंतुसंसर्ग होतोय का, एवढंच तिला बघायचं होतं. दुपारी तिनं मला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावलं.

"हे रक्त कुठलं?"

"गावाकडच्या बायकांचं. का?"

"तू बघ."

मी डोळा लावला. माणसाच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात आणि त्यांच्यात केंद्रक नसतं, हे पहिल्या वर्षाची पोरंही सांगतात. या पेशी लांबट होत्या आणि प्रत्येकीच्या पोटात गडद ठिपका होता.

"ही कोंबडी आहे," वर्षाराणी म्हणाली.

मला काहीच वाटलं नाही. तिनं पंखा मोठा केला, पाण्याची बाटली पुढे सरकवली, तिला वाटलं मी पडेन. मी दुसरा डबा उघडायला सांगितला. मग तिसरा. संध्याकाळपर्यंत सगळे झाले. एक डबा सोडून सगळ्यांत कोंबडी होती. तो एक डबा मंजुषाचा, गावातल्या कौशल्याकाकूंच्या धाकट्या सुनेचा.

गावाकडे निघाले तेव्हा बसमध्ये सरांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "काही बिघडलेलं नाही. पॅड तर चांगलाच आहे. प्राण्याच्या रक्तावरची चाचणी म्हणून मांडू. खोटंही नाही आणि दिवाळीच्या आत सबमिट होईल." मी बरं म्हणाले. मला तेव्हा कोणी काहीही विचारलं असतं तरी मी बरंच म्हणाले असते.

माय चुलीपुढे भाकरी थापत होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

"माय, कोंबडीचं रगत कुठून आणलं?"

तिचा हात थांबला नाही. "बंकटच्या दुकानातून. ताजं द्यायचा बिचारा. लई विचारायचा, एवढं रगत कावून लागतंय म्हणून. कौशल्या म्हणली, नवस हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कळलं व्हय? काय चुकलं आमचं?"

"मला पाळीवाल्या बायका पाहिजे होत्या, माय."

"त्या कुठून आणू? एक मंजुषा सोडली तर हितं ऊसतोडीला जाणाऱ्या समद्यांच्या पिशव्या काढल्यात. पाळी आली की अंगावर जातं, काम उरकत न्हाई, खाडा पडतो. खाडा पडला की दंड. मुकादमच म्हणतो, काढून टाका, कटकट मिटती." तिनं भाकरी उलटली. "तू तीस म्हणलीस. म्हटलं, पोरीचं अडायला नको."

"तुझी कधी काढली?"

"तू सायन्स घेतलं न्हाई का, त्या साली."

"पोट दुखत होतं म्हणून?"

"पोट कशाचं दुखतंय? खाडा नको म्हणून."

मायनं पिशवी काढली, त्यामुळे तिचा एकही दिवस बुडाला नाही, त्यावर मी शिकले आणि शिकून मायसारख्या बायकांसाठी पॅड बनवले. मला रडू यायला पाहिजे होतं. मुकादमाचा राग यायला पाहिजे होता, चिरफाड करणाऱ्या डॉक्टरांचा, सेमिनारमधल्या टाळ्यांचा. यातलं काहीच आलं नाही. मी हातपाय धुतले आणि दोन भाकरी खाल्ल्या. त्यांना चव नव्हती. माय मात्र आणखी वाढत राहिली.

सकाळी रतनबाई मावशींच्या ओट्यावर पुन्हा सगळ्या जमल्या. या वेळी कोणी हसत नव्हतं. मी सांगितलं की तुमच्या डब्यांचा मला उपयोग नाही.

"मग दुसऱ्यांदा करू की," रतनबाई मावशी म्हणाल्या. "या खेपेला बोकडाचं आणू."

"मावशी, माणसाचंच लागतं."

"आता ते कुठून आणावं बाई?" त्या खरंच विचारात पडल्या.

कौशल्याकाकूंनी दबक्या आवाजात विचारलं, "आमच्यामुळं तुझी डिग्री जाती का गं?"

"न्हाई काकू. डिग्री दिवाळीत मिळंल."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात खांबाशी उभी असलेली मंजुषा पुढे आली. लग्नाआधी शाळेत कबड्डी खेळायची, अजून उभी राहते ती तशीच, पाय रोवून. दोन लेकरं आहेत तिला, पण वय माझ्याहून कमी.

"ताई, माझा डबा तरी चालला का?"

"तुझाच चालला. एकटीचा."

तिचं तोंड एवढंसं झालं होतं, ते फुललं. कौशल्याकाकू मात्र म्हणाल्या, "आता तिची बी काढायची हाय. दसऱ्याच्या आदी. दवाखान्यात सांगून ठिवलंय. गेल्या साली तिचे लई खाडे झाले."

मंजुषानं सासूकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ताई, तुमचा अभ्यास होईस्तोवर थांबू का मी? समद्यांत माझंच कामाचं हाय म्हणता म्हणून इचारते."

ओट्यावरच्या साऱ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठले आणि मंजुषाच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"किती दिस लागतील गं, स्वप्ने?" काकूंनी विचारलं.

सरांना बरं म्हटलं होतं. सगळा प्रबंध जवळपास लिहून झाला होता.

"लई वर्षं," मी म्हणाले. "हिची पाळी आपसूक जाईस्तोवर. दर महिन्याला डबा लागंल. मधीच पिशवी काढली तर माझं समदं शिक्षण पाण्यात."

"डिग्री तर दिवाळीत म्हणलीस?"

"चुकून म्हणले."

खाड्यांचं काय, ते काकूंच्या तोंडावर दिसत होतं. रतनबाई मावशींनी गुडघ्यावर हात टेकला आणि उठता उठता म्हणाल्या, "तिच्या खाड्याच्या दिशी तिच्या मोळ्या मी बांधते. एक दिस मी, एक दिस नीलाबाई. पोरीच्या शिक्षणाचं हाय म्हटल्यावर करावंच लागंल."

माय माझ्याकडेच बघत होती. तीस बायकांचं खोटं जिनं एका फोनवर उभं केलं, तिला माझं कळणार नाही असं कसं होईल? तिनं पदर सारखा केला आणि कौशल्याकाकूंकडे वळली.

"लागतंयच तेवढं," ती म्हणाली. "लई मोठा अभ्यास हाय तो."